शोभाबाईंच्या साड्यांचं पार्सल

पिपरी मेघेच्या त्या दोन खोल्यांच्या घरात गोधड्यांचा धंदा उभा राहिला तो देवकाबाईंच्या हातामुळे. देवकाबाई म्हणजे मंजुषाची सासू. आंजीला राहत होत्या तेव्हा अर्ध्या गावाच्या लेकरांची दुपटी त्यांनीच शिवलेली. टाका बारीक, ओळ धरून चालणारा, दोऱ्याला कुठे ताण नाही. मंजुषाने एकदा सहज त्यांच्या एका गोधडीचे फोटो मोबाईलवर टाकले आणि पुण्याच्या एका बाईंनी विचारलं, "माझी आई गेली. तिच्या साड्या पाठवल्या तर अशी गोधडी करून द्याल का?"

ती एक गोधडी गेली आणि मग रीघच लागली. आईची लुगडी, आजोबांची धोतरं, एकदा तर एका जवानाचे शर्ट आले, खिशावरची नावाची पट्टीसुद्धा तशीच. देवकाबाई ते कपडे मांडीवर घ्यायच्या, हात फिरवायच्या, मग कात्री लावायच्या. "मेलेल्या मानसाची निशानी हाय बापा," त्या म्हणायच्या, "चुकून फाटली तं दुसरी कोठून आनाव?"

गोधडी तयार झाली की मंजुषा ती कापडात शिवून पोस्टात घेऊन जायची. पोस्टाबद्दल तिची तक्रार नव्हती. पण रांगेत उभं राहायचं, मुलीला शाळेतून आणायचं, परत येऊन फोन घ्यायचे, त्यात तिचा जीव मेटाकुटीला यायचा. दिवाळीनंतर ऑर्डरी वाढल्या तेव्हा ती एका दुपारी मोबाईल घेऊन बसली. घरबसल्या पार्सल पाठवायची सोय आता सगळेच वापरतात, आपण का नाही?

तिने तीन ठिकाणं पाहिली. पोस्टाचं स्वतःचं ऑनलाईन बुकिंग होतं, पण तिच्या समजुतीप्रमाणे पार्सल शेवटी खिडकीवर न्यावंच लागणार होतं. एक मोठी कुरिअर कंपनी होती, तिचे दर ऐकूनच तिने ते पान बंद केलं. तिसरं होतं 'झटपोच' नावाचं ॲप. दारातून पार्सल उचलणार, लेबल आपण छापायचं, पार्सल कुठे पोचलं ते नकाशावर दिसणार. खाली लोकांचे अभिप्राय, चार चार तारे, 'फारच छान सेवा', 'वेळेत पोचलं'.

धनंजय, तिचा नवरा, औषधाच्या दुकानात कामाला. तो जेवायला आला तेव्हा तिने त्याला दाखवलं.

"चांगलं दिसते," तो म्हणाला. "पन या लोकायचं हाफिस कोठी हाय? काही झालं तं कोनाले धराव?"

"अहो, आता हाफिस कोन पायते? फोनवर सारं होते."

देवकाबाई आतून म्हणाल्या, "पोस्टवाला आपल्याले वळखते. हे कोन हायेत?"

मंजुषाला वाटलं, यांना नवीन काही पटायचंच नाही. तिने 'झटपोच' घेतलं.

पहिली काही पार्सलं झकास गेली. मोटरसायकलवर एक माणूस यायचा, पिशवी उचलायचा, निघून जायचा. मंजुषा दुपारी चक्क अर्धा तास आडवी होऊ लागली. शोभाबाईंची गोधडी तयार झाली ती याच दिवसांत.

शोभाबाई भुसावळच्या. त्यांचे यजमान महादेवराव रेल्वेतून निवृत्त झालेले, घरात आता एकटेच. बायको गेल्यावर त्यांनी तिच्या सात साड्या मंजुषाकडे पाठवल्या आणि मग दर एक-दोन दिवसांनी फोन करू लागले. कामाचं काही नसायचं. "ती हिरवी आहे ना, ती डोहाळजेवणाची. मुलगी झाली तेव्हाची. मुलगी आता परदेशात असते." किंवा, "त्या पिवळीवर डाग आहे. काढू नका हां. लोणचं घालताना पडलाय." एकदा ते म्हणाले, "साड्या गेल्यापासून कपाट उघडायला भीती वाटते, ताई. रिकामा खण दिसतो. लवकर करा."

देवकाबाईंनी जीव ओतून ती गोधडी केली. कापून उरलेले तुकडेसुद्धा मंजुषाने एका पिशवीत घालून सोबत ठेवले, कारण कुणाच्या निशाणीची चिंधीही आपण ठेवायची नाही हा घरचा नियम. मग तिने ॲप उघडलं. 'वस्तूचा प्रकार' असा रकाना होता. ती थोडी थांबली. काय लिहायचं? तिने लिहिलं, 'जुने कपडे'. किमतीच्या रकान्यातही जुन्या कपड्यांची असते तेवढीच किंमत टाकली, कारण शोभाबाईंच्या साड्यांची खरी किंमत कोणत्या आकड्यात मांडायची ते तिला कळेना. झेरॉक्सच्या दुकानातून लेबल छापून आणलं. ॲपवाल्यांनी सांगितलेली पातळ प्लास्टिकची पिशवी घेतली. कापडात शिवायचं यावेळी राहून गेलं, माणूस दारात उभा होता.

पार्सल नागपूरच्या गोदामात पोचलं असं नकाशावर दिसलं. दुसऱ्या दिवशीही तिथेच दिसलं. तिसऱ्या दिवशीही. ठिपका हलेना.

महादेवरावांचा फोन आला. "निघालं का?"

"निघालंय काका. वाटेत आहे."

पुढच्या दिवशी परत. "आज येईल का? मी बाहेर जात नाही, कुणी येऊन परत जायला नको."

"येईल काका, एक-दोन दिवसांत."

ॲपमध्ये तक्रार करायला गेलं की एक हसरं चित्र यायचं आणि लिहून यायचं, 'आपल्या संयमाबद्दल आभारी आहोत'. फोन नंबर म्हणून जो होता त्यावर एक बाई आधी हिंदीत, मग इंग्रजीत बोलायची, एक दाबा, दोन दाबा. मंजुषा दाबत राहायची. शेवटी गाणं वाजायचं आणि फोन कटायचा. ती पुन्हा लावायची. भाजी करपायची, मुलीची वेणी अर्धी राहायची, कानाला मोबाईल तसाच. धनंजयने दुकानातून फोन लावून पाहिला, त्याच्याही कानात तेच गाणं. ते गाणं तिला पुढे झोपेतही ऐकू यायला लागलं.

मग एका सकाळी मेल आला. पार्सल सापडत नाही. नियमाप्रमाणे, जाहीर केलेल्या किमतीइतकी भरपाई मिळेल. वस्तूचा प्रकार: जुने कपडे.

मंजुषा ओट्याला टेकून उभीच राहिली. जुने कपडे! तिनेच तर लिहिलं होतं. तिच्याच हाताने.

"काय झालं वो?" देवकाबाईंनी विचारलं.

"आई, हारपली. शोभाबाईची गोधडी हारपली."

हातातली सुई देवकाबाईंनी पदराला टोचून ठेवली आणि भिंतीकडे बघत बसल्या. असं बसलेलं मंजुषाने त्यांना फक्त सासरे गेले तेव्हा पाहिलं होतं. रागावल्या असत्या, पोस्टाचं नाव काढलं असतं, तर बरं झालं असतं.

दुपारी महादेवरावांचा फोन वाजला. तिने उचलला. सांगायचं ठरवूनच उचलला. पण पलीकडून ते म्हणाले, "ताई, मी पलंग खिडकीजवळ सरकवून घेतला. गोधडी आली की तिथे झोपणार." आणि तिच्या तोंडून निघालं, "चालेल काका. आज-उद्या येईल."

फोन ठेवल्यावर तिने मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. आरशात बघवेना.

देवकाबाईंनी संध्याकाळी हळूच विषय काढला. "मंजू, मले साऱ्या रंगाची याद हाय. तुह्या मोबाईलात फोटू बी हायेत. तशाच साड्या भेटल्या तं दुसरी शिवून देऊ. म्हाताऱ्याची नजर अधू. त्याले काय समजते?"

"आई, तुमी असं म्हनता?"

"मंग काय म्हनू? त्या मानसाचा जीव त्या गोधडीत हाय. खोटी का असे ना, पांघरून तं झोपन."

मंजुषाला ते चुकीचं वाटलं आणि तरी ती दुसऱ्या दिवशी वर्ध्याच्या बाजारात गेली. भांड्यांवर जुने कपडे घेणाऱ्या बायांच्या ढिगापुढे उकिडवी बसून ती साड्या उपसू लागली. मोबाईलमधला फोटो एका हातात, दुसऱ्या हाताने उपसणं. आणि हिरवी सापडली. जवळजवळ तीच, काठही तसाच. तिने ती झटकून उलगडली तर पदराच्या टोकाला गाठ मारलेली होती. आत काहीतरी बांधून ठेवायची कुणा बाईची सवय असणार. गाठ इतक्या वर्षांची की कापडाला तिथे कायमची चुणी पडलेली. ही दुसऱ्याच कुणाची तरी होती. हिच्याही मागे कुणीतरी असेल, किंवा नसेल.

"घेता का ताई?" बाईने विचारलं.

मंजुषाने साडी घडी घालून ढिगावर परत ठेवली. रिक्षा न करता ती चालतच घरी आली, वाटेत कोण भेटलं, कोण बोललं, तिला आठवत नव्हतं. घरी आल्यावर म्हणाली, "मी नागपूरले जातो. त्या गोदामात."

"तठी कोन घुसू देईन तुले?" धनंजय म्हणाला.

"नाई देतीन तं फाटकाशी बसून राहीन."

आणि खरंच तसंच झालं. बुटीबोरीच्या पुढे महामार्गाला लागून पत्र्याची गोदामं होती, एकीपेक्षा दुसरी लांब. 'झटपोच'च्या फाटकावर तिला अडवलं. आतून गळ्यात ओळखपत्र लटकवलेला एक तरुण साहेब आला, तिचा मेल पाहिला आणि म्हणाला, "मॅडम, क्लेम मंजूर झालाय ना तुमचा? मग?"

"मले पैसे नको. गोधडी पायजे. एकदा आत पाहू द्या."

"आत कस्टमरला परवानगी नाही. आणि जुने कपडेच तर आहेत."

"जुने कपडे नाईत ते!" तिचा आवाज एवढा चढला की फाटकावरचा राखणदार उठून उभा राहिला. "एक बाई मेली, तिच्या साड्या हायेत. तुमच्या घरी कोनी मेलं नाई का आजवर?"

साहेब आत निघून गेला. मंजुषा फाटकाबाहेर नालीच्या कठड्यावर बसली. ट्रक येत होते, धूळ उडत होती. आता तिला रडूही येत नव्हतं. घरी कसं जायचं, उद्या फोन वाजला की काय सांगायचं, हे दोनच प्रश्न डोक्यात फिरत होते. आणि एक तिसरा, की म्हाताऱ्याने ऐकलं आणि त्याला काही झालं तर?

जेवणाच्या सुट्टीत गोदामातल्या पोरी बाहेर चहाच्या टपरीवर आल्या. त्यांच्यातली एक, डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळलेली, चहा घेऊन तिच्याजवळ येऊन उभी राहिली.

"फाटकावर तुमीच चिल्लावत होत्या का?"

"हो."

"मी स्वीटी. आत माल छाटनीले राहते." तिने इकडेतिकडे पाहिलं. "गोधडी कशी होती तुमची? हिरवी, पिवळी, मधात एक गुलाबी?"

मंजुषा ताडकन उभी राहिली. "पाहिली तू?"

"पन्नीची पिशवी फाटली होती तिची. सरकत्या पट्ट्यावर अटकली असन. लेबल पन्नीवरच राह्यलं, गोधडी वेगळी झाली. बिननावाचा माल एका जाळीत टाकतात आमच्या इथं." स्वीटी जरा ओशाळली. "खरं सांगू का ताई, नरम होती लई. आमी दोन दिवस तिच्यावर बसून डबा खाल्ला. खाली सिमेंट गार राहते ना."

"आता कुठी हाय?"

"मुकेशभाऊ घेऊन गेला. टेम्पोवाला. फ्रिज, कपाटं नेते तो. घासू नये म्हनून मधात टाकाले पायजे होती त्याले. साहेबांनीच सांगितलं, ने म्हनून. बिननावाचे जुने कपडे, कोन विचारते म्हने."

स्वीटीने मुकेशचा नंबर दिला. मंजुषाने तिथूनच लावला. पहिल्या झटक्यात उचलला. एखादा माणूस फोन उचलतो, हॅलो म्हणतो, यात एवढं सुख असतं हे तिला ठाऊक नव्हतं.

"गोधडी?" मुकेश म्हणाला. "माझ्या गाडीत चार-पाच हायेत ताई. कोनती तुमची मले का मालूम? उद्या तळेगावले माल खाली करतो. श्यामजी पंत तळेगाव. तठी या, पाहून घ्या."

दुसऱ्या दिवशी धनंजयने दुकानातून सुट्टी घेतली. दोघं मोटरसायकलवर आर्वीवरून तळेगावला निघाले. आर्वीच्या पुढे धनंजयने गाडी थांबवून चहा घ्यायला लावला तर तिने कप अर्धाच ठेवून दिला.

"नाई भेटली तं?" ती म्हणाली.

"तं आपन दोघं भुसावळले जाऊ आन् पाय धरू. आनखी काय करू शकतो?"

तळेगावात बाजाराचा दिवस होता. मुकेशचा टेम्पो एका भांड्यांच्या दुकानासमोर उभा होता, मागचा फाळका उघडा. आत एक लोखंडी कपाट आडवं, दोन फ्रिज, आणि त्यांच्यामध्ये कोंबलेल्या गोधड्या, पोती, एक फाटकी सतरंजी. मंजुषा कुणाला न विचारता चाकावर पाय देऊन वर चढली. पोतं ओढलं. सतरंजी ओढली. कपाटाखालून एक कोपरा बाहेर आला होता. पिवळा. त्यावर लोणच्याचा तो तपकिरी डाग.

"अहो! हेच! हेच हाय!"

धनंजय आणि मुकेशने मिळून कपाट उचललं. मंजुषाने गोधडी बाहेर ओढली आणि उलगडली. एका बाजूला काळ्या ग्रीसचे पट्टे होते, मधल्या गुलाबीवर गंजाचा चौकोन उमटला होता. आणि एका कडेची वीतभर रुंदीची पट्टी नव्हतीच. उभी फाडलेली. देवकाबाईंच्या टाक्याचे दोरे तिथे नुसते लोंबत होते.

"ही कड कुठी गेली?"

मुकेशने मान खाजवली. "फाडली असन ताई. परवा गाडी बिघडली होती, हात पुसाले..."

"कुठी टाकली?"

"रोडवर. काटोलच्या तिकडे कुठीतरी. आता मले का याद राहते?"

मंजुषा टेम्पोच्या फाळक्यावर बसली आणि गोधडी मांडीवर घेऊन मोठ्याने रडली. बाजारातली माणसं थांबून बघायला लागली. एका म्हातारीने विचारलंसुद्धा, "कोन गेलं वो माय?" मुकेश बावरून गेला. "ताई, मले खरंच मालूम नव्हतं. मले दिली, मी घेतली. आता मी तरी काय बांधू? फ्रिजले ओरखडा आला तं शेठ मलेच धरते." त्याचंही खोटं नव्हतं. धनंजय बाजारातून एक जाडसं ब्लँकेट घेऊन आला आणि त्याच्या हातात ठेवलं. मुकेशने ते घेतलं, पण नजर वर केली नाही.

घरी देवकाबाईंनी गोधडी जमिनीवर पसरली आणि तिच्याभोवती गुडघ्यांवर फिरत राहिल्या. ग्रीसवर आधी रॉकेल, मग रिठ्याचं पाणी, बोटांनी, थोडं थोडं. काळा रंग राखाडी झाला, त्याच्या पलीकडे जाईना. गंज तर हलला नाही. फाटलेल्या कडेत दोन साड्यांचे तुकडे होते, एक वांगी रंगाची इरकल आणि एक निळी. उरलेल्या चिंध्यांची पिशवी तर केव्हाच गेली होती.

"काय लावाव इथं?" मंजुषाने विचारलं.

"पांढरं लावतो. साधं. जे नाई ते नाई." देवकाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "त्या दिशी मी तुले नकली शिवू म्हनलं. डोस्कं फिरलं होतं माह्यं."

या वेळी पार्सल केलं नाही. मंजुषा स्वतः गाडीत बसली. गोधडीची पिशवी मांडीवर, भुसावळ येईपर्यंत. महादेवरावांना तिने फोन करून एवढंच सांगितलं की मी घेऊन येतेय. ते इतके खूश झाले की तिचं पुढचं वाक्य त्यांनी ऐकलंच नाही.

दार उघडलं ते स्वेटर घातलेल्या, काठीसारख्या सरळ म्हाताऱ्याने. खिडकीजवळचा पलंग तिने लगेच ओळखला. चादर इतकी ताठ घातलेली होती की वर कुणी बसलंच नसावं. त्यांनी पाणी आणलं. तिने ते घेतलं नाही.

"काका, आधी सांगते. मग पाणी प्यायचं का ते ठरवेन."

तिने सगळं सांगितलं. ॲप, पातळ पिशवी, जुने कपडे, गोदाम, डबे खाणाऱ्या पोरी, टेम्पो. एकही गोष्ट मऊ केली नाही. महादेवराव ऐकत होते. मग त्यांनी पिशवी ओढून घेतली, गोधडी पलंगावर पसरली आणि हात फिरवायला सुरुवात केली. हिरवी. पिवळी. गुलाबीवरच्या गंजावर बोट थांबलं, पुढे सरकलं. पांढऱ्या पट्टीपाशी आलं.

"इथे?"

"वांगी रंगाची इरकल होती. आणि निळी."

ते वळले. "मी रोज फोन करत होतो. रोज. आणि तू रोज म्हणत होतीस, येतेय. दार लावून मी दूध आणायला खाली गेलो नाही. तेव्हाच का नाही सांगितलंस? मेलो असतो का मी?"

"तीच भीती वाटली काका."

"माझी बायको गेली तेव्हा डॉक्टरही असेच बोलायचे. उद्या बरं वाटेल, उद्या बरं वाटेल." ते पलंगाच्या कडेला बसले. "साडी हरवली तर हरवली. माणसं हरवतात. पण मला लहान मुलासारखं खेळवू नये कुणी."

मंजुषाने मान खाली घातली. रस्त्यावर कुणीतरी भंगार गोळा करत ओरडत गेलं. महादेवरावांचा हात परत गोधडीवर गेला होता, त्यांच्याही नकळत, आणि ते पांढऱ्या पट्टीशी चाळा करत होते.

"वांगी रंग तिला कधीच आवडला नाही," ते अचानक म्हणाले. "मी आणली होती सोलापूरहून. नेसायची, पण तोंड वाकडं करून." मग पट्टी सपाट करत, "निळी मात्र तिची होती. निळी तिने स्वतः घेतली होती."

त्यांनी पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला. ती प्यायली. परतीची गाडी कोणत्या फलाटावर लागते, कोणत्या डब्यात गर्दी कमी असते, ते त्यांनी तिला नीट समजावून सांगितलं. दारापर्यंत मात्र आले नाहीत.

त्यानंतर मंजुषाने काही दिवस नवीन ऑर्डरी घेतल्याच नाहीत. 'झटपोच' मोबाईलवरून काढून टाकलं. मग एका दुपारी धनंजयला शेजारी बसवून तिने पुन्हा सगळी ठिकाणं पाहिली, पण आता ती दर पाहत नव्हती. फोनवर माणूस येतो का, हे ती आधी लावून बघायची. वर्ध्यात कुठे दार आहे का, ज्यावर जाऊन थाप मारता येईल, हे बघायची. दोघांनी पोस्टच ठरवलं. बुकिंगची माहिती मोबाईलवर आधी भरायची आणि खिडकीवर नुसतं वजन करून द्यायचं. रांगेत उभं राहावं लागलं तर राहायचं. 'वस्तूचा प्रकार' या रकान्यात ती आता लिहिते, 'हाताने शिवलेली गोधडी, दुसरी मिळणार नाही'. खिडकीवरच्या बाईंनी एकदा वाचून वर पाहिलं होतं. पार्सल फेकलं नाही, हळूच ठेवलं. आणि देवकाबाई प्रत्येक गोधडीच्या मागच्या बाजूला, कोपऱ्यात, लाल दोऱ्याने नाव आणि फोन नंबर टाचतात. पिशवी फाटली, कागद उडाला, तरी कापड स्वतः सांगेल कुणाचं ते.

महादेवरावांचा फोन येईनासा झाला होता. मंजुषालाही करायचा धीर होत नव्हता. उन्हाळा तोंडावर आला तेव्हा एकदा नंबर झळकला. तिने उचलला तो घाबरतच.

"ती पांढरी पट्टी मला बघवत नाही," ते नेहमीच्याच आवाजात म्हणाले. "रोज पांघरतो आणि रोज ती डोळ्यांत येते. तिथे माझे दोन शर्ट लावता येतील का? तिच्याच आवडीचे आहेत."

"येतील ना काका. आई लावतील."

"मग कशाने पाठवू?"

पोस्ट म्हणावं असं ओठावर आलं होतं, चांगलं होतं, खात्रीचं होतं. पण ती गोधडी पुन्हा एकदा कुणाच्याही हातात द्यायची, वाटेत कुठेतरी ती एकटी असणार, या विचाराने तिने ते ओठावरच ठेवलं.

पलीकडे महादेवरावांच्याही मनात तेच आलं असावं. "राहू दे," ते म्हणाले. "मला रेल्वेचा पास आहे. मीच घेऊन येतो."